खोली सुटली तरी मुलांची शाळा सुटू नये : पालकांचा आधारगट कसा उभा करायचा

"पुतण्याचं लग्न ठरलंय, पंधरा दिवसांत खोली खाली करा." घरमालकांचा फोन आला तेव्हा मोठीची वार्षिक परीक्षा चालू होती आणि धाकटा तीन वर्षांचा होता. नवऱ्याचं कंपनीतलं काम कंत्राटी, माझी चार घरची धुणीभांडी. करार नव्हता. डिपॉझिट पंधरा हजार दिलं होतं. रंगाचे, नळाचे, अमक्याचे कापून हातात सहा हजार आले. नवी खोली मिळेपर्यंत भिंतीपलीकडच्या काकूंनी दोन्ही मुलं स्वतःकडे ठेवून घेतली, नऊ दिवस. त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत आधीच पाच माणसं होती. मोठी त्यांच्या ओट्यापाशी बसून गणिताचा अभ्यास करायची आणि काकू तिच्यासाठी रात्री अकरापर्यंत दिवा चालू ठेवायच्या.

परीक्षेला ती बसली, पास झाली. पण पुढचं वर्षभर मला एकच विचार छळत होता. काकू त्या दिवशी गावी गेल्या असत्या तर?

म्हणून आम्ही पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या गल्लीत पालकांचा गट उभा केला. आज त्यात बारा घरं आहेत. बहुतेक सगळे भाड्याने राहणारे, काही स्वतःच्या झोपडीतले. आमच्यात कोणी वकील नाही, समाजसेवक नाही. ज्याच्यावर वेळ येऊन गेली तो पुढच्याला सांगतो, सोबत जातो आणि मुलं सांभाळतो. हे करताना आम्ही बऱ्याच चुका केल्या. तुम्हाला त्या पुन्हा करायला लागू नयेत म्हणून क्रमाने लिहिते आहे.

१. सुरुवात चार घरांपासून करा

मोठी सभा बोलवू नका. आम्ही आधी तेच केलं. मंदिरासमोर सतरंजी टाकली, तीस बायका आल्या आणि एकीनेही तोंड उघडलं नाही. भाडं थकलंय, मालक रोज दारात येतो, हे चारचौघांत कोण सांगणार? आपल्याकडे घराची अडचण ही अब्रूची गोष्ट मानली जाते. लोक खोली सोडताना "गावाकडे काम निघालं" असं सांगून रात्री सामान हलवतात, आणि दुसऱ्या दिवशी पोराचा वर्गातला बाक रिकामा दिसतो.

पालक रोज जिथे भेटतात तिथे बोला. शाळा सुटायच्या आधीची दहा मिनिटं, अंगणवाडीचा ओटा, पाण्याची रांग. "अडचण आहे का?" असं विचारलं की उत्तर "नाही" असंच येतं. त्यापेक्षा स्वतःचं सांगा. "आम्हाला दोन वर्षांत तीन खोल्या बदलाव्या लागल्या, तुमचं कसं?" एवढ्याने समोरची बाई बोलायला लागते.

चार घरं जमली की दर आठवड्याला एक ठरलेली वेळ धरा. धुणीभांड्याची कामं करणाऱ्यांना दुपारी तीन ते चार बरं पडतं, पाळीत काम करणाऱ्या वडिलांना रविवार. वडिलांना सुरुवातीपासून बोलवा. हे बायकांचं काम म्हणून सोडलं तर करारावर सही करताना आणि मालकाशी बोलताना गटाचं म्हणणं घरात कोणी ऐकत नाही, हे आम्ही अनुभवलं आहे. आठ ते बारा घरं पुरेत. वाढली तर शेजारच्या गल्लीत दुसरा गट करायला त्यांना मदत करा.

२. पहिली वही : "आज रात्री मुलं कुठे झोपतील?"

कायदा, पैसा, अर्ज सगळं नंतर. सामान रस्त्यावर आलं की आईबापांची एक रात्र टेम्पोत किंवा स्टेशनवर निघेल. मुलांची निघू नये. त्यामुळे गटाचं पहिलं काम ही वही.

दोनशे पानी साधी वही घ्या. प्रत्येक घराला एक पान. त्यावर हे लिहा :

- मुलांची नावं, वय, शाळा, इयत्ता, शाळा भरण्या-सुटण्याची वेळ
- औषध चालू असेल तर कोणतं, किती वाजता. दमा, फिट, ॲलर्जी असेल तर ठळक लिहा
- आईबापांचे नंबर, शिवाय गावाकडच्या एका माणसाचा नंबर
- मुलांना शाळेतून आणायला आईबापांशिवाय कोण जाऊ शकतं
- हे घर दुसऱ्यांची किती मुलं, किती रात्री ठेवू शकतं

आमच्या वहीत यापुढे आणखी एक ओळ आहे. ती एका आईने सुचवली. "मुलाची सवय." तिथे असं लिहिलेलं आहे : "दिवा बंद केला की रडतो, मोरीचा दिवा चालू ठेवणे." "अजून अंथरूण ओलं करते, रागावू नये, खाली प्लॅस्टिक घालणे." "भात कालवून दिला तरच खातो." ज्या घरी मूल पहिल्यांदा झोपायला येतं त्या घराला या ओळीचा किती उपयोग होतो ते पहिल्याच रात्री कळतं.

मुलं ठेवण्याचे नियम आधीच ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर सगळ्यांच्या सह्या घ्या. आमचे असे आहेत. एकट्या पुरुषाच्या खोलीत मूल ठेवायचं नाही. भावंडं शक्यतो एकत्रच ठेवायची. मुलीला कुठे राहायचंय ते तिलाही विचारायचं, आणि ती एखाद्या घराला "नको" म्हणाली तर कारण न मागता ऐकायचं. आईबापांनी रोज संध्याकाळी मुलांना भेटायचं किंवा निदान फोन करायचा. सात रात्रींच्या वर मुक्काम लांबला तर गटाने बसून पुढचं ठरवायचं. दारू चालणाऱ्या घरी मुलं ठेवायची नाहीत. हा नियम बोलून दाखवणं अवघड गेलं, दोन घरं नाराज झाली. पण त्यात आम्ही सूट दिली नाही.

मूल हरवलं, कोणी मारहाण करतंय किंवा मुलाला एकटं सोडून दिलंय असं दिसलं तर गटात चर्चा करत बसू नका. १०९८ वर फोन करा. हा मुलांसाठीचा चोवीस तासांचा मोफत नंबर आहे.

३. कागदांची पिशवी

आमच्या एका घराचं सामान पावसात बाहेर पडलं तेव्हा गाद्या वाळल्या, पण जन्मदाखल्याचा लगदा झाला. तेव्हापासून प्रत्येक घरात चेन असलेली प्लॅस्टिकची पिशवी आहे. ती दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते. आग लागो, पाणी शिरो, तोडकाम येवो, बाहेर पडताना एक हात मुलाला आणि दुसरा पिशवीला.

पिशवीत हे हवं :

- सगळ्यांची आधारकार्डं, मुलांचे जन्मदाखले
- रेशनकार्ड
- भाडेकरार, डिपॉझिटची पावती, भाडं भरल्याच्या नोंदी
- लाईटबिल, गॅसचं पुस्तक
- मुलांची गुणपत्रकं, शाळेच्या पावत्या, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला
- माता-बाल संरक्षण कार्ड, म्हणजे ज्यावर लसींच्या तारखा असतात ते
- बँकेचं पासबुक, मतदार ओळखपत्र
- झोपडीत राहत असाल तर फोटोपास (म्हणजे झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), सर्वेक्षणाची पावती, जुन्या मतदार यादीतल्या नावाची प्रत

सगळ्याचे फोटो दोन फोनमध्ये ठेवा, त्यातला एक फोन घराबाहेरच्या माणसाचा असू द्या. डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं फोनवर ठेवायचं सरकारी ॲप, चालवता येत असेल तर मुलांच्या शिक्षकांना किंवा दहावी झालेल्या पोराला हाताशी धरून खातं उघडून घ्या.

मूळ कागद एजंटकडे कधीही देऊ नका. "दोन दिवसांत काम करून देतो" म्हणून रेशनकार्ड घेऊन गेलेला माणूस आमच्यातल्या एका ताईला चार महिने भेटला नाही. झेरॉक्स द्या, आणि तिच्यावर कशासाठी दिली ते पेनाने लिहा : "फक्त भाडेकरारासाठी", खाली तारीख आणि सही.

४. खोली घेताना : करार, डिपॉझिट आणि एक संध्याकाळ

माझं सगळं नुकसान याच पायरीवर झालं, म्हणून इथे जरा थांबते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी व्हावी लागते. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकावर आहे, भाडेकरूवर नाही. त्याने केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे मला त्या एप्रिलमध्ये माहीत नव्हतं. "करारच नाही, मग आपण काय बोलणार" असं म्हणून मी सहा हजार घेऊन गप्प बसले.

आपल्याकडे सर्रास चालतो तो अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून आणलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. नोंदणीकृत करारावर दुय्यम निबंधक कार्यालयाचा दस्त क्रमांक असतो, आणि दोघांच्या अंगठ्याची नोंद झालेली असते. हे काम आता ऑनलाइन होतं, एजंट मशीन घेऊन घरी येतो.

"खर्च फार येतो" असं सांगून मालक टाळतात. हिशोब करून दाखवा. भाडं महिना ६,००० आणि डिपॉझिट २०,००० धरा. अकरा महिन्यांचं भाडं ६६,०००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी अकरा महिन्यांचे साधारण १,८३३. बेरीज ६७,८३३, तिच्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे १७० रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. वर एजंटची फी. ती मात्र आधी ठरवा, कारण मोठी रक्कम तिथेच लागते. निम्मानिम्मा खर्च करायची तयारी दाखवली तर बरेच मालक तयार होतात. आमच्या गल्लीत दोन घरांनी एकाच दिवशी एकाच एजंटकडून करार करून घेतले, फी कमी झाली.

सही करण्याआधी करारात एवढं आहे का ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर गटातल्या कोणाला बसवा :

- डिपॉझिटची नेमकी रक्कम, आणि ती किती दिवसांत परत
- दोन्ही बाजूंनी किती दिवसांची नोटीस (एक महिना तरी मागा)
- लाईटबिल युनिटप्रमाणे की ठोक, पाण्याचे वेगळे की भाड्यात
- डिपॉझिटमधून काय कापता येईल आणि काय नाही

डिपॉझिट रोख देऊ नका. रोखच हवं असा हट्ट असेल तर पावतीशिवाय देऊ नका. भाडं फोनवरून पाठवा आणि सोबत महिना लिहा, "जून भाडं". रोख दिलंत तर पावती मागा. भाड्याची पावती देणं घरमालकाला कायद्याने बंधनकारक आहे.

आता ती संध्याकाळ. किल्ली मिळाली की सामान आत नेण्याआधी गटातल्या दोघांना घेऊन रिकाम्या खोलीत जा. दिवा लावा. भिंती, फरशी, नळ, मोरी, खिडकीची काच, दाराची कडी यांचे फोटो काढा. मीटरचा आकडा वाचता येईल असा फोटो घ्या. ओल आलेली असेल तर त्या डागाजवळ हात धरून फोटो काढा, म्हणजे डाग केवढा ते कळतं. हे सगळे फोटो त्याच वेळी मालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा, खाली लिहा "आज खोली घेतली तेव्हाची स्थिती". वादावादी नको, फक्त पाठवा. खोली सोडताना हेच पुन्हा करा. या अर्ध्या तासाने आमच्या तीन घरांचं डिपॉझिट पूर्ण परत मिळालं आहे.

आणि हे लक्षात घ्या. शाळाप्रवेशाचा अर्ज भरायच्या वेळी हाच करार लागतो. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांसाठी भाडेकरूच्या पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करार मागतात, नोटरीचा चालत नाही. आमच्या एका शेजारणीच्या मुलाची सोडतीत लागलेली जागा तेवढ्यावरून गेली. मूल दोन-अडीच वर्षांचं आहे तेव्हापासून करार नोंदवायची सवय ठेवा.

५. खोली खाली करायला सांगितलं किंवा नोटीस आली

पहिल्या दिवशी दोनच गोष्टी करा : गटाला कळवा आणि तोंडी बोलणं लेखी करून घ्या. "साहेब, तुम्ही आज फोनवर अमुक तारखेपर्यंत खोली सोडायला सांगितलंत" एवढा साधा मेसेज पुरतो. उत्तर आलं नाही तरी तुमच्या बाजूने तारीख नोंदली जाते.

मालकाला भेटायला एकटं जाऊ नका, आणि दहाजणही जाऊ नका. दोघं जा, त्यातला एक शांत बोलणारा. मागणं ठोस ठेवा. "परीक्षा संपेपर्यंत मुदत द्या" असं म्हणून तारखेसह परीक्षेचं वेळापत्रक दाखवलं तर बहुतेक मालक ऐकतात.

खोली रिकामी व्हावी म्हणून पाणी किंवा वीज तोडणं याला त्याच कायद्याच्या कलम २९ ने मनाई आहे. कोणी सामान बाहेर फेकायला लागलं, दाराला परस्पर कुलूप लावलं तर ११२ वर फोन करा आणि व्हिडिओ घ्या. पोलीस चौकीत "हा दिवाणी वाद आहे" असं सांगितलं तरी तक्रार लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

पण दुसरी बाजूही स्पष्ट सांगते. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपली असेल आणि तुम्ही तरीही बसून राहिलात, तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकारी, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी, खोली खाली करायचा आदेश देऊ शकतो आणि तोपर्यंतचे पैसे दुप्पट दराने लागू शकतात. गटात कोणी "बसून राहा, काही होत नाही" असं सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. करार संपायच्या दोन महिने आधी वहीत खूण करा आणि तेव्हाच नूतनीकरणाचं बोला.

झोपडी तोडायची नोटीस असेल तर तो कागद त्याच दिवशी वकिलाला दाखवा. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तोडकामाआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायला सांगितलं आहे. मात्र रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा पाणवठा अशा ठिकाणच्या बांधकामांना त्यातून वगळलं आहे. आपली वस्ती कशावर आहे हे न बघता "पंधरा दिवस आहेत" म्हणून निवांत राहू नका. मोफत पुनर्वसनासाठी १ जानेवारी २००० च्या आधीपासून झोपडी असल्याचे पुरावे लागतात. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांसाठी पैसे भरून घर मिळण्याची तरतूद आहे. सर्वेक्षणाची माणसं येतात त्या दिवशी घराला कुलूप असलं तर नाव राहून जातं. गटाने आधी बातमी काढून कामावर गेलेल्यांना फोन करावेत. या एका फोनसाठी सुद्धा गट असायला हवा.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं, फोन १५१००. म्हणून अर्ज शक्यतो आईच्या नावाने करा. पहिल्या वेळी गटातल्या कोणीतरी सोबत जावं. कोर्टाच्या त्या लांब व्हरांड्यात कडेवर मूल घेऊन एकट्या बाईला कोणत्या दारात जायचं ते समजत नाही. तिथून परत फिरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

६. शाळा, अंगणवाडी, रेशन : पहिल्या आठवड्यात

जमत असेल तर शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत शाळा बदलू नका. बसने वीस मिनिटं लागली तरी चालेल. गटातलं कोणी त्या बाजूला कामाला जात असेल तर सकाळी मुलांना सोबत न्यायला सांगा.

शाळा बदलावीच लागली तर "आधी दाखला आणा, मग बघू" हे उत्तर ऐकून घरी येऊ नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ प्रमाणे पहिली ते आठवीच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागायचा हक्क आहे. जुन्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. आम्ही ही दोन कलमं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवली आहेत, शाळेत जाणारा तो कागद घेऊन जातो. आवाज चढवायची वेळ अजून आली नाही.

वर्गशिक्षिकेला खरं सांगा. "घर बदललंय, दोन आठवडे गृहपाठ मागे पडेल." माझ्या मुलीच्या बाईंनी हे कळल्यावर तिला जुन्या वह्या शाळेतच ठेवायला कपाटात जागा दिली.

लहान मूल असेल तर जुन्या अंगणवाडी सेविकेला भेटून नाव नव्या अंगणवाडीकडे हलवून घ्या, अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये ती सोय आहे. लस कुठल्याही सरकारी दवाखान्यात मिळते, कार्ड तेवढं न्या. अन्नसुरक्षा योजनेतलं रेशनकार्ड असेल तर धान्य कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून मिळतं, कार्ड बदलायची गरज नाही. दुकानदार "आमच्या यादीत नाव नाही" म्हणाला तर एक देश एक रेशनकार्ड योजनेचं नाव घ्या. घरातल्या एकाच्या आधारवर नवा पत्ता लागला की त्याच्या संमतीने बाकीच्यांचा बदलता येतो, प्रत्येकासाठी वेगळा पुरावा शोधत बसू नका.

७. पैशाचा डबा

मुंबईत १९८१ साली फूटपाथवरच्या झोपड्या हटवायची मोहीम निघाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १० जुलै १९८५ च्या निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं मान्य केलं, पण फूटपाथवरच राहायचा हक्क दिला नाही. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, भायखळ्याच्या फूटपाथवर राहणाऱ्या बायकांनी महिला मिलन ही आपली संघटना सुरू केली. त्यांची पद्धत साधी होती. एक बाई रोज घरोघर फिरायची, ज्याला जमेल तेवढे पैसे घ्यायची, आणि त्यातून अडीनडीला लगेच मदत मिळायची. रोज दार वाजवल्यामुळे कोणाच्या घरी चूल पेटली नाही हेही तिला कळायचं. आमचा डबा याच कल्पनेवर आहे.

बारा घरं, आठवड्याला पन्नास रुपये. आठवड्याचे सहाशे, वर्षाचे ३१,२००. यातून फक्त तीन गोष्टींना पैसे देतो : टेम्पो, नव्या खोलीच्या डिपॉझिटमधली तूट, आणि मुलांचं औषध. टेम्पो आणि औषधाचे परत घेत नाही. डिपॉझिटचे बिनव्याजी परत घेतो, हप्त्याने. डब्याला दोन कुलुपं, किल्ल्या दोन घरांत. दर बैठकीत जमाखर्च मोठ्याने वाचायचा. पाच हजारांच्या वर झाले की तीन सह्यांच्या खात्यात भरायचे.

भिशी आणि हा डबा एकत्र करू नका. भिशीत प्रत्येकाला आपली पाळी हवी असते, इथे ज्याच्यावर वेळ आली त्याला पैसे मिळतात. एकदा दोन्ही एकत्र केले आणि दोन घरं कायमची दुरावली. तसंच गटाच्या जोरावर फायनान्स कंपनीकडून सामूहिक कर्ज उचलू नका. एकीचा हप्ता चुकला की वसुलीवाला सगळ्यांच्या दारात बसतो, आणि जिला आधाराची गरज आहे तिच्याचवर सगळ्या गटाचा राग निघतो.

८. ऐकायचं कसं

"करार करायला सांगितला होता ना तुला?" हे वाक्य आमच्या बैठकीत बंद आहे. ज्याचं घर गेलंय तो आधी बोलेल, बाकीचे चहा संपेपर्यंत मध्ये बोलणार नाहीत. मग एकच प्रश्न विचारायचा : "उद्या सकाळपर्यंत तुला काय लागेल?"

गटातलं बोलणं गल्लीत जाऊ देऊ नका. सामान बाहेर पडल्याचे, रडणाऱ्या मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. ती मुलं उद्या त्याच वर्गात बसणार असतात.

घर सोडायचं कारण नवऱ्याची मारहाण असेल तर गटाने समेट घडवायला बसू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात, घर कोणाच्याही नावावर असलं तरी, बाईला त्या सामायिक घरात राहायचा हक्क दिलेला आहे. १८१ या महिलांच्या मदत नंबरवर फोन करा, संरक्षण अधिकाऱ्याकडे सोबत जा. ती कुठे राहते आहे हे मात्र वहीतसुद्धा लिहू नका. आणि कोणी "आता जगण्यात अर्थ नाही" असं बोललं तर त्या रात्री त्या माणसाला एकटं ठेवू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आधार सेवेचा मोफत नंबर आहे, आपल्या भाषेत बोलता येतं, तुम्ही शेजारी बसून लावून द्या.

निवडणुकीच्या आसपास कोणीतरी ताडपत्री, साड्या घेऊन येतो आणि बॅनरवर गटाचं नाव मागतो. ताडपत्री घ्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण वही कोणालाही दाखवू नका. तिच्यात मुलांची नावं आहेत.

९. घर दुसरीकडे गेलं तर

पान फाडू नका, नाव खोडू नका. आमच्याकडे गल्ली सोडलेल्या घराचं पान वर्षभर चालू राहतं आणि दोन फोन ठरलेले असतात. पहिला सातव्या दिवशी, दुसरा महिन्याने. विचारायचं एवढंच : मुलं शाळेत जायला लागली का, दाखला आला का, नव्या दुकानात रेशन मिळालं का, डिपॉझिट पूर्ण परत आलं का, शेजारी कोण आहे. उत्तर तारखेसह पानावर लिहायचं. शेजारी कोणी ओळखीचं झालं नसेल, तर पुढच्या रविवारी दोघींनी तिकडे जाऊन यायचं. मागच्या महिन्यात आम्ही अशाच भोसरीला गेलो होतो. परत निघालो तेव्हा त्या ताईने नव्या गल्लीतल्या दोन बायकांना आमच्याशी बोलायला बोलावून आणलं होतं, आणि एकीने जाताना विचारलं, वही कुठली घ्यायची, दोनशे पानी का शंभर.